‘उरलेले फिनियन सांभाळा’: कटाल्पाच्या गाण्यामागची हकीकत

काळ्या पाण्यावर गेलेल्या आयरिश कैद्यांची गाणी ऐकायला बसलं की थोड्या वेळाने सगळी एकाच डोळ्याने रडतात असं वाटू लागतं. धक्क्यावर उभी प्रेयसी, मागे पडणारा किनारा, सात वर्षांची शिक्षा, परत न येण्याची खात्री. ‘कटाल्पा’ हे कैद्यांना पळवून नेणाऱ्या जहाजाच्या नावाचं गाणं या रांगेत बसत नाही. ते हसतं, आणि हसतं ते तुरुंगाच्या पहारेकऱ्यांकडे बघून. धृपदाचा मतितार्थ असा: या रे वॉर्डरांनो, जेलरांनो, पर्थच्या शर्यतीचा दिवस विसरू नका; उरलेले फिनियन नीट सांभाळा, नाहीतर हे यांकी तेही पळवून नेतील. फिनियन म्हणजे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी उठलेले बंडखोर, यांकी म्हणजे अमेरिकन आणि पर्थ हे पश्चिम ऑस्ट्रेलियातलं शहर.

कर्ता अज्ञात, चाल ‘रोझिन द बो’ या दारूच्या गुत्त्यात रुळलेल्या जुन्या गाण्याची. कडवी थोडकी. त्यात जहाज आहे, सहा कैदी आहेत, तोफ घेऊन मागे लागलेली आगबोट आहे आणि शेवटी अमेरिका. हे सगळं खरंच घडलं: एप्रिल १८७६मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, फ्रीमँटलच्या तुरुंगापासून दक्षिणेला. प्रश्न एवढाच की घडलेल्यापैकी गाण्याने काय उचललं आणि काय सोडलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. हे गाणं बखर नाही, चिडवणं आहे. चिडवताना माणूस तेवढंच बोलतो जेवढं समोरच्याला झोंबेल. ही गोष्ट ध्यानात ठेवून वाचलं तर त्यातल्या चुकासुद्धा बोलक्या वाटतात.

सात अधिक सात

गाणं म्हणतं, या सहा जणांनी तिथे सात वर्षं काढली होती आणि आणखी सात काढायची होती. दोन्ही आकडे चुकीचे आहेत.

आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी १८५८मध्ये डब्लिनमध्ये एक गुप्त संघटना निघाली, आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुड. तिचे लोक म्हणजे फिनियन. त्यांची एक युक्ती मोठी धीट होती. आयर्लंडमध्ये तैनात असलेल्या ब्रिटिश फौजेत हजारो शिपाई जन्माने आयरिशच होते. त्यांनाच शपथ देऊन फोडायचं. हे काम जॉन डेव्हॉय या तरुणाकडे आलं. पलटणींच्या आसपासचे गुत्ते हेच त्याचं कार्यालय. उठाव व्हायच्या आधीच फितुरीने घात केला. फेब्रुवारी १८६६मध्ये डेव्हॉय पकडला गेला आणि पाठोपाठ त्याने शपथ दिलेले शिपाईही. त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटले चालले. कित्येकांना फाशी सुनावून नंतर ती जन्मठेपेवर आणली गेली.

म्हणजे १८७६पर्यंत त्यांच्या कैदेची दहा वर्षं झाली होती. त्यातली आठ ऑस्ट्रेलियात, आणि पुढे किती तर मरेपर्यंत. मग गाण्यात सात कुठून आले? ते आले गाण्यांमधूनच. समुद्रापार पाठवण्याच्या शिक्षेची जुनी ठरलेली मापं म्हणजे सात वर्षं, चौदा वर्षं किंवा आजन्म. त्यामुळे अशा गाण्यांमध्ये सात हा आकडा आपल्या ओव्यांमधल्या ‘सोन्याच्या ताटा’सारखा बसून गेला होता, घरात ताट पितळेचं असलं तरी ओवीत सोन्याचंच. सातात सात मिळवले की चौदा होतात, तीही ठरलेली शिक्षा. रचणाऱ्याने कागदपत्रं पाहिली नव्हती, कानावर पडलेलं वापरलं.

यात एक गंभीर गोष्ट झाकली जाते. ‘मायदेशाचं रक्षण केलं म्हणून हद्दपार’ असं गाणं म्हणतं. ब्रिटिश सरकारच्या लेखी हे सहा जण साधे राजकीय कैदी नव्हतेच. ते राणीची शपथ घेऊन फिरलेले शिपाई होते. १८६९ आणि १८७१मध्ये फिनियनांना माफी देऊन सोडण्यात आलं, पण ती बिगरलष्करी लोकांना. डेव्हॉय स्वतः देश सोडण्याच्या अटीवर १८७१मध्ये सुटून न्यूयॉर्कला गेला. त्याने ज्यांना या भानगडीत ओढलं ते शिपाई मात्र आतच राहिले. पुढच्या सगळ्या प्रकरणाचं मूळ मला या एका वाक्यात दिसतं.

शिपायांमधला मायकेल हॅरिंग्टन घ्या. कॉर्कचा माणूस, १८४४मध्ये ब्रिटिशांच्या ६१व्या पलटणीत भरती झाला आणि हिंदुस्थानात आला. १८४८–४९चं पंजाबचं युद्ध आणि १८५७चा दिल्लीचा वेढा, दोन्हींत ही पलटण होती. ज्या साम्राज्यासाठी इथे शिखांशी आणि बंडवाल्या शिपायांशी लढला, त्याच साम्राज्याने पुढे त्याला शिपायांच्या बंडाचा कट केला म्हणून गजाआड घातलं. आयरिश गाण्यात हे येणार नाही, ते साहजिकच आहे. आपल्याला मात्र ते सोडून पुढे जाता येत नाही.

शेवटचं जहाज

ऑक्टोबर १८६७मध्ये ‘हूगमाँट’ नावाचं जहाज इंग्लंडहून निघालं आणि जानेवारी १८६८मध्ये फ्रीमँटलला लागलं. सुमारे २८० कैदी, त्यात ६२ फिनियन. ऑस्ट्रेलियाला कैदी घेऊन गेलेलं हे शेवटचं जहाज. पूर्वेकडच्या वसाहतींनी कैदी घेणं केव्हाच थांबवलं होतं. पश्चिम ऑस्ट्रेलियाला मात्र मजूर हवे होते म्हणून १८५०पासून तिथे कैदी येत राहिले. तिथला चुनखडीच्या दगडाचा प्रचंड तुरुंगही कैद्यांनीच बांधला. १९९१पर्यंत तो तुरुंग म्हणून चालू होता.

हूगमाँटवरच्या फिनियनांनी प्रवासात हस्तलिखित साप्ताहिक काढलं, ‘द वाइल्ड गूज’. सात अंक. रानहंस हे आयर्लंड सोडून परक्या फौजांत गेलेल्या शिपायांचं जुनं टोपणनाव. ते अंक आज सिडनीच्या ग्रंथालयात आहेत. त्यात लिहिणाऱ्यांपैकी जॉन बॉइल ओ’रायली हा घोडदळातला शिपाई पुढे महत्त्वाचा ठरतो.

ओ’रायली बनबरीजवळ रस्ता बांधणाऱ्या टोळीत होता. तिथल्या एका आयरिश पाद्र्याने आणि वस्तीवरच्या लोकांनी मदत केली आणि १८६९च्या सुरुवातीला तो पळाला. ठरल्याप्रमाणे जे अमेरिकन जहाज त्याला उचलणार होतं ते त्याची होडी न पाहताच पुढे निघून गेलं. काही दिवस वाळूच्या टेकड्यांत लपून राहिल्यावर ‘गझेल’ या दुसऱ्या जहाजाने त्याला घेतलं. ही दोन्ही देवमाशांची शिकार करणारी जहाजं होती. गझेलवरचा हेन्री हॅथवे हा अधिकारी त्याचा जन्माचा मित्र झाला. वर्षअखेरीस ओ’रायली अमेरिकेत पोचला आणि बोस्टनच्या ‘पायलट’ या आयरिश पत्राचा संपादक झाला.

गाण्यातलं ‘यांकींनी पळवलं’ हे इथून सुरू होतं. पण आधी एक पत्र यायचं होतं.

थडग्यातला आवाज

आत राहिलेल्यांपैकी जेम्स विल्सन याने डेव्हॉयला चोरून पाठवलेलं पत्र १८७४मध्ये न्यूयॉर्कला पोचलं. हा थडग्यातून आलेला आवाज आहे, असं त्याने लिहिलं होतं. आणि ही जागा जिवंत थडगं नाही तर काय, असं विचारलं होतं. जुलैमध्ये बाल्टिमोरला ‘क्लॅन ना गेल’ या अमेरिकेतल्या आयरिश संघटनेचं अधिवेशन भरलं तेव्हा डेव्हॉयने हे पत्र सगळ्यांसमोर वाचलं.

मी हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं होतं की सुटकेची योजना म्हणजे धाडसी तरुणांची टोळी, बंदुका, रात्रीचा हल्ला. डेव्हॉयच्याही डोक्यात आधी तसंच काहीसं होतं. बोस्टनच्या ओ’रायलीने आणि न्यू बेडफर्डच्या हॅथवेने त्याला मार्गावर आणलं. हॅथवे तोवर दर्यावरून उतरून न्यू बेडफर्डच्या पोलिसांत गेला होता. त्यांचा सल्ला साधा होता. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडची देवमाशांची जहाजं वर्षानुवर्षं येतात, पाणी भरतात, जातात. असं आणखी एक आलं तर कोण विचारतो?

शिवाय वेळही योग्य होती. रॉकेलने देवमाशाच्या तेलाचा बाजार बसवला होता. १८७१मध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ ३० हून अधिक शिकारी जहाजं बर्फात अडकून टाकून द्यावी लागली, त्यातली बरीच न्यू बेडफर्डची. धंदा उताराला लागला होता, जहाजं स्वस्त होती. त्यातलंच एक तीन डोलकाठ्यांचं, सुमारे २०० टनांचं ‘कटाल्पा’ साडेपाच हजार डॉलरांच्या आसपास मिळालं. दुरुस्ती, शिधा, साहित्य धरून आकडा एकोणीस हजारांच्या घरात गेला. पैसे आले ते संघटनेच्या शाखाशाखांमधून, मजुरी करणाऱ्या आयरिश लोकांच्या वर्गणीतून. कनेटिकटच्या जेम्स रेनल्ड्सने तर आपलं घर गहाण टाकलं. पुढे लोक त्याला ‘कटाल्पा जिम’ म्हणू लागले. गाण्यात या पैशांचा उल्लेख नाही. गहाणखतावर पोवाडा कोण रचणार?

कप्तान म्हणून निवडला तो जॉर्ज अँथनी. आयरिश नव्हे, कॅथलिक नव्हे, फिनियन तर नव्हेच. नुकतं लग्न झालेलं, घरात तान्हं मूल, बायकोला शब्द दिलेला की आता समुद्र बंद. ड्रिल बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करत होता आणि कंटाळला होता. त्याचे सासरे जॉन रिचर्डसन जहाजांचे दलाल. त्यांच्याच दुकानात डेव्हॉयशी गाठ पडली. एका दिवसाचा विचार करून तो हो म्हणाला. का म्हणाला, याचं कारण मला नीट पटेल असं कुठे सापडलं नाही. कारखान्याचा कंटाळा हेच मला सगळ्यात खरं वाटतं.

२९ एप्रिल १८७५ला जहाज निघालं. खलाशांना वाटत होतं आपण देवमासे मारायला चाललोय. त्यांनी ते मारलेही. अझोर्स बेटांवर पोचेपर्यंत २०० पिंपांहून अधिक तेल झालं होतं. जहाजावर संघटनेचा माणूस एकच, सुतार म्हणून घेतलेला डेनिस डगन. अझोर्सला बरेच खलाशी पळून गेले, नवे भरावे लागले. वेळ दाखवणारं घड्याळ बिघडलेलं निघालं. त्या काळी त्याच्यावरच समुद्रातली जागा काढत. मुख्य मदतनीस सॅम्युअल स्मिथ याला खरा बेत अँथनीने वाटेतच सांगितला. जहाज नरकात गेलं तरी मी सोबत आहे, अशा अर्थाचं तो काहीतरी बोलला.

या प्रवासातला एक प्रसंग कादंबरीत घातला तर संपादक कापून टाकेल. हिंदी महासागरात कटाल्पाला ‘ओशन ब्यूटी’ नावाचं ब्रिटिश जहाज भेटलं. अँथनी सदिच्छा भेटीला गेला. बोलता बोलता त्याच्या कप्तानाने सांगितलं की आपण पूर्वी कैद्यांचं जहाज चालवत होतो, नाव हूगमाँट. अँथनीने सहज विचारावं तसं पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा नकाशा असेल का विचारलं. त्या भल्या माणसाने हूगमाँटवरचाच नकाशा काढून दिला. ज्या कागदावर बोट ठेवून फिनियनांना आत नेलं होतं त्याच कागदावर बोट ठेवून त्यांना बाहेर काढलं गेलं.

श्रीमंत पाहुणा

कटाल्पा समुद्रात असताना जॉन ब्रेस्लिन सॅन फ्रान्सिस्कोहून निघून नोव्हेंबर १८७५मध्ये फ्रीमँटलला उतरला. नाव सांगितलं जेम्स कॉलिन्स. धंदा, भांडवल गुंतवायला जागा शोधणारा अमेरिकन धनिक. माझ्या लेखी या प्रकरणातला खरा नायक हा. दहा वर्षांपूर्वी तो डब्लिनच्या रिचमंड तुरुंगाच्या दवाखान्यात नोकरीला होता आणि फिनियनांचा प्रमुख जेम्स स्टीफन्स याला त्यानेच तिथून बाहेर काढलं होतं. थोडक्यात, तुरुंग आतून कसा चालतो हे त्याला नोकरीमुळे ठाऊक होतं.

फ्रीमँटलमध्ये तो उत्तम हॉटेलात राहिला, रुबाबात फिरला. गव्हर्नर विल्यम रॉबिन्सन यांच्याशी ओळख झाली. अशा पाहुण्याला वसाहतीची शान दाखवायची म्हणून चक्क तुरुंगाची फेरी घडवण्यात आली. भिंती किती उंच, पहारे कुठे, हे त्याला सरकारी माणसांनीच समजावून सांगितलं. त्याचा जोडीदार टॉम डेस्मंड पर्थला गाड्या बनवणाऱ्याकडे कामाला लागला. पुढे घोडागाड्या लागणारच होत्या. आतल्या कैद्यांपर्यंत निरोप पोचवला तो विल्यम फोली या आधीच सुटलेल्या फिनियन शिपायाने. न्यू साउथ वेल्सहून जॉन किंग हा आयरिश माणूस तिकडच्या लोकांनी जमवलेले पैसे घेऊन आला. आणखी दोघे थेट आयर्लंडहून आले, वेगळ्याच योजनेने. ब्रेस्लिनने त्यांना तारायंत्राच्या तारा तोडण्याचं काम दिलं.

मार्चअखेर कटाल्पा बनबरीला लागलं. अँथनी आणि ब्रेस्लिन तिथून फ्रीमँटलला आले ते ‘जॉर्जेट’ नावाच्या आगबोटीने. अँथनीने तिच्या कप्तानाशी गप्पा मारत किनारा नजरेखालून घातला. हे नाव लक्षात ठेवा.

पहिला मुहूर्त चुकला, कारण फ्रीमँटलला ब्रिटिश युद्धनौका येऊन उभी राहिली. ती गेल्यावर १७ एप्रिलचा दिवस ठरला. ईस्टरनंतरचा सोमवार. पर्थला यॉट क्लबच्या होड्यांच्या शर्यती, अधिकारी आणि बडी मंडळी सगळी तिकडे. गाण्यातला ‘पर्थच्या शर्यतीचा दिवस’ पुराव्याला तंतोतंत उतरतो. माझ्या मते तो धृपदात बसला त्याचं कारण हेच की तो सगळ्यांत जास्त झोंबणारा आहे: तुम्ही होड्या बघत होतात.

सकाळी आठ वाजता

भिंत फोडली नाही, भुयार खणलं नाही, पहारेकऱ्याच्या अंगाला हात लावला नाही. चांगल्या वागणुकीमुळे हे कैदी बाहेरच्या कामांवर जात असत. त्याच विश्वासाचा त्या सकाळी उपयोग झाला. रॉबर्ट क्रॅन्स्टन भांडारात निरोप्याचं काम करायचा. त्याने बंदरावर काम करणाऱ्या टोळीच्या वॉर्डरला सांगितलं की गव्हर्नरांच्या इथल्या बंगल्यातलं सामान हलवायचंय, विल्सन आणि हॅरिंग्टन हवेत. वॉर्डरने दोघांना त्याच्यासोबत सोडलं. टॉमस डॅराग टॉमस हॅसेटला बटाटे लावायला नेतोय असं सांगून बाहेर पडला. मार्टिन होगन एका घराला रंग देत होता. ब्रश ठेवला आणि चालू लागला. महाराजांच्या पेटाऱ्यांची आठवण होते ती इथे. पहारेकऱ्याच्या रोजच्या सवयीलाच दार बनवायचं ही कला तीच.

यांतल्या हॅसेटने पूर्वी एकट्याने पळून बघितलं होतं. काही महिने रानात काढले, मग जहाजात लपायच्या प्रयत्नात सापडला आणि पुन्हा आत गेला. एकट्याने पळणं आणि पळवून नेलं जाणं यातला फरक त्याच्याइतका कुणालाच ठाऊक नसेल.

दोन घोडागाड्या तयार होत्या. वीसेक किलोमीटर दक्षिणेला रॉकिंगहॅमच्या किनाऱ्यावर अँथनी कटाल्पाची शिकारीची होडी घेऊन थांबला होता. जवळच लाकडाच्या धक्क्यावर काम करणाऱ्या एकाने ही अनोळखी होडी हेरली, मग बंदुका घेतलेली माणसं पाहिली आणि घोड्यावरून बातमी द्यायला सुटला. पोलीस येऊन पोचले तेव्हा होडी लाटांवर गेली होती.

जाताना ब्रेस्लिनने गव्हर्नरांना उद्देशून एक चिठ्ठी लिहून फळीला बांधून पाण्यात सोडली. राणीसाहेबांच्या दयेतून आज सहा आयरिशांना मी मुक्त केलं आहे; देशप्रेम आणि जुलमाचा तिटकारा हा त्यांचा अक्षम्य गुन्हा, असा तिचा सूर. तुरुंगाच्या पाहुणचाराची परतफेड म्हणायची. गाण्यातली खोडकर चाल मूळची याच माणसाची आहे असं मला वाटतं.

त्यानंतरची रात्र मात्र खोडकर नव्हती. होडीत सोळा माणसं, पाणी काठाला टेकलेलं. संध्याकाळी कटाल्पाची शिडं दिसली आणि तेवढ्यात वादळ आलं. डोलकाठी मोडली. रात्रभर सगळे पाणी उपसत राहिले. ज्यांनी आठ वर्षांत समुद्र फक्त किनाऱ्यावरून बघितला होता ते उलट्या करत भिजत पडले. सकाळी कटाल्पा पुन्हा दिसलं, पण तिच्याकडे निघालेली जॉर्जेटही दिसली. वल्ही आत घेऊन सगळे तळाशी आडवे झाले. आगबोट त्यांना न पाहता पुढे गेली, कटाल्पाजवळ जाऊन तिने चौकशी केली, स्मिथने कुणालाही वर येऊ दिलं नाही. कोळसा संपत आला म्हणून जॉर्जेट परत फिरली. दुपारी एका बाजूने पोलिसांची होडी आणि दुसऱ्या बाजूने ही सोळा माणसांची होडी, दोन्ही कटाल्पाच्या दिशेने वल्ही मारत होत्या. आधी पोचले ते कैदी. सुमारे २८ तासांनंतर.

एवढी रात्र गाण्यात एका ओळीतही नाही! चिडवायचं असेल तर आपण किती घाबरलो होतो हे सांगत नाहीत.

झेंडा

१९ एप्रिलच्या सकाळी जॉर्जेट पुन्हा आली. या वेळी निवृत्त शिपायांचे पेन्शनर गार्ड आणि तोफ घेऊन. तोफेचा एक गोळा कटाल्पाच्या पुढून गेला. कैदी द्या, नाहीतर डोलकाठ्या उडवू, अशी धमकी आली. अँथनीने वरच्या झेंड्याकडे बोट दाखवलं: मी खुल्या समुद्रात आहे, हा अमेरिकेचा झेंडा आहे, यावर गोळी झाडाल तर ती अमेरिकेवर झाडाल. गाण्यातलं कडवं जवळजवळ हेच सांगतं, ‘माझ्या जहाजावर पाय ठेवता येणार नाही’ हे उत्तरही. सगळ्या गाण्यात इतकं पुराव्याला धरून असलेलं कडवं दुसरं नाही.

ही नुसती फुशारकी नव्हती. किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडे वसाहतीचा अधिकार संपायचा आणि गव्हर्नरांनी खुल्या समुद्रात बळ वापरायला मनाई केली होती. चारच वर्षांपूर्वी, १८७२मध्ये, ‘अलाबामा’ जहाजाच्या प्रकरणात जिनिव्हाच्या लवादाने ब्रिटनला अमेरिकेला १ कोटी ५५ लाख डॉलर द्यायला लावले होते. समुद्रातल्या कुरापतीची किंमत ताजी होती. सल्ला विचारायचा तर तशी सोयही नव्हती; पश्चिम ऑस्ट्रेलिया बाहेरच्या जगाशी तारेने जोडला गेला तो १८७७च्या अखेरीस. वसाहतीच्या आतली, अल्बनी गावापर्यंतची तार तर आधीच तोडलेली होती. जॉर्जेट थोडा वेळ मागे मागे राहिली आणि वळली. १९ ऑगस्ट १८७६ला कटाल्पा न्यूयॉर्कला लागलं.

यांकी कोण?

आता गाण्याची सगळ्यात मोठी गफलत. चोरी ‘यांकीं’च्या नावावर. ज्याने पत्र लिहिलं, ज्याने ते वाचून दाखवलं, ज्याने घर गहाण टाकलं, ज्याने तुरुंग आतून पाहिला, ज्याने निरोप आत नेला, ज्यांनी तारा तोडल्या, हे सगळे आयरिश. अमेरिकन म्हणावेत असे अँथनी, रिचर्डसन, हॅथवे, स्मिथ. वल्ही मारणारे तर अझोर्सचे पोर्तुगीज, मलायी, पॅसिफिक बेटांवरचे; त्यांची नावं कुठल्याच कडव्यात नाहीत आणि त्यांना आधी कुणी काही सांगितलंही नव्हतं.

मग आयरिश गाण्याने श्रेय दुसऱ्याला का दिलं? पहारेकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. आयरिश कैदी पळाला तर त्याला रोजची गोष्ट वाटेल, रानात पाठलाग होईल, सापडेल. पण ज्याला हात लावता येत नाही असा झेंडा घेऊन कुणी आलं आणि नेलं, तर करणार काय? भीती यांकीची होती, म्हणून नाव यांकीचं.

आणि ‘उरलेले फिनियन’? ते खरंच होते. जेम्स कीली या शिपायाला मुद्दाम मागे ठेवलं गेलं. खटल्याच्या वेळच्या वागणुकीमुळे साथीदारांच्या मनात त्याच्याविषयी किंतु होता. धृपद दर वेळी म्हटलं जातं तेव्हा त्याचा उल्लेख होतो, नाव न घेता, धमकीसारखा. त्याला मात्र न्यायला कुठलंही जहाज पुन्हा आलं नाही.

जहाजांचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. कटाल्पा अँथनी, रिचर्डसन आणि हॅथवे यांना बक्षीस म्हणून देऊन टाकण्यात आलं. हात बदलत बदलत शेवटी ते बेलीझला कोळसा साठवण्याचा सांगाडा बनलं. बेलीझ म्हणजे तेव्हाचं ब्रिटिश होंडुरास. अँथनीला ब्रिटिश बंदरांत पाय ठेवण्याची सोय उरली नाही, म्हणून लांबचा समुद्र सुटला. पुढे तो न्यू बेडफर्डला कस्टमच्या नोकरीत होता, १९१३मध्ये गेला. जॉर्जेट १८७६च्याच डिसेंबरमध्ये किनाऱ्याजवळ बुडाली. ग्रेस बसल ही सोळा वर्षांची मुलगी आणि सॅम आयझॅक्स हा आदिवासी गुराखी यांनी घोडे लाटांत घालून प्रवाशांना बाहेर काढलं. त्या दिवसावरही ऑस्ट्रेलियात कविता झाल्या, आणि त्यांत बरीच वर्षं घोडा होता, मुलगी होती, गुराख्याला मात्र कोपऱ्यात उभं केलेलं होतं.